सीईटी, नीट आणि जेईईच्या सराव चाचण्या: ग्रामीण विदर्भातून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बारावी विज्ञान शाखेनंतरच्या प्रवेश परीक्षांची तयारी आणि त्यांच्या सराव चाचण्या यांबाबत विद्यार्थी, पालक आणि कनिष्ठ महाविद्यालयांतील शिक्षक आमच्याकडे जे प्रश्न पुन्हा पुन्हा पाठवतात, त्यांची उत्तरे येथे एकत्र दिली आहेत. बहुतेक प्रश्न यवतमाळ, वाशीम, बुलढाणा, चंद्रपूर आणि गडचिरोली जिल्ह्यांतील तालुक्याच्या गावांतून आणि त्याहूनही आतल्या खेड्यांतून आलेले असल्यामुळे उत्तरे तिथली परिस्थिती धरून लिहिली आहेत. परीक्षांच्या स्वरूपाची माहिती २०२५ च्या परीक्षांप्रमाणे आहे. स्वरूप मध्येच बदलू शकते, म्हणून अर्ज भरताना त्या वर्षीची माहिती पुस्तिका स्वतः वाचावी.

१. सराव चाचणी म्हणजे नेमके काय? कॉलेजच्या घटक चाचणीत आणि तिच्यात फरक काय?

घटक चाचणीत दोन-तीन प्रकरणांवर वर्णनात्मक प्रश्न असतात, पायऱ्यांना गुण मिळतात आणि उत्तर चुकले तरी सूत्र लिहिल्याचा अर्धा गुण पदरात पडतो. प्रवेश परीक्षेत बहुतेक प्रश्नांना चार पर्यायांपैकी एक निवडायचा असतो आणि पायऱ्या कोणीही पाहत नाही. म्हणून प्रश्नांची संख्या, वेळ, गुणदान आणि बसण्याची शिस्त मूळ परीक्षेसारखीच ठेवून जी चाचणी दिली जाते, तिलाच येथे सराव चाचणी म्हटले आहे. बसस्टँडवर मोबाईलवर सोडवलेले वीस प्रश्न ही चांगली उजळणी असते, परंतु तेवढ्याने वेळेचा अंदाज येत नाही.

२. मुलगी बारावी सायन्सला आहे. तिने सीईटी द्यावी, नीट द्यावी की जेईई? तिन्हींचे पेपर वेगळे असतात का?

तिला कोणत्या अभ्यासक्रमाला जायचे आहे, यावर ते अवलंबून आहे. राज्यातील अभियांत्रिकी आणि औषधनिर्माणशास्त्राच्या पदवीसाठी, तसेच अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठासारख्या कृषी विद्यापीठांतील पदवी अभ्यासक्रमांसाठी एमएचटी-सीईटी द्यावी लागते. एमबीबीएस, बीडीएस, आयुर्वेद आणि होमिओपॅथीसाठी नीट, तर नागपूरच्या व्हीएनआयटीसारख्या राष्ट्रीय संस्थांसाठी जेईई मेन असते. आयआयटीसाठी जेईई मेननंतर जेईई ॲडव्हान्स्ड हा आणखी एक टप्पा पार करावा लागतो.

पेपर निश्चितच वेगळे असतात. सीईटी संगणकावर होते आणि तिचे दोन गट आहेत. दोन्ही गटांत पहिल्या ९० मिनिटांत भौतिकशास्त्राचे ५० आणि रसायनशास्त्राचे ५० प्रश्न, प्रत्येकी एका गुणाचे असतात. पुढच्या ९० मिनिटांत पीसीएम (भौतिक, रसायन, गणित) गटाला गणिताचे प्रत्येकी दोन गुणांचे ५० प्रश्न, तर पीसीबी (भौतिक, रसायन, जीवशास्त्र) गटाला जीवशास्त्राचे प्रत्येकी एका गुणाचे १०० प्रश्न असतात. एकूण २०० गुण असून चुकीच्या उत्तराला गुण कापले जात नाहीत. नीट कागदावर, ओएमआर उत्तरपत्रिकेवर (गोल भरायच्या, यंत्राने तपासल्या जाणाऱ्या) होते: १८० प्रश्न, १८० मिनिटे, ७२० गुण, बरोबर उत्तराला चार गुण आणि चुकीच्या उत्तराला उणे एक. जेईई मेन संगणकावर होते आणि तिच्यात तीन तासांत ७५ प्रश्न, ३०० गुण असतात. प्रत्येक विषयात २० प्रश्न पर्यायी आणि पाच प्रश्न संख्यात्मक उत्तराचे असून गुणदान नीटसारखेच आहे.

या आकड्यांचा अर्थ वेळेच्या हिशेबात पाहावा. सीईटीत भौतिक, रसायन आणि जीवशास्त्राच्या प्रश्नाला सरासरी ५४ सेकंद मिळतात, गणिताच्या प्रश्नाला १०८ सेकंद, नीटमध्ये ६० सेकंद आणि जेईईत १४४ सेकंद. सीईटीचा पहिला भाग ९० मिनिटांनी बंद होतो आणि त्यात परत जाता येत नाही, हेही लक्षात ठेवावे. एका परीक्षेचा सराव करून दुसरीची गती येत नाही. दोन्ही देणाऱ्यांनी प्रश्न १७ पाहावा.

३. अकरावीचा अभ्यास झाला नाही तर चालेल का?

सीईटीत सुमारे २० टक्के भार अकरावीच्या आणि ८० टक्के बारावीच्या राज्य मंडळाच्या अभ्यासक्रमाला असतो. अकरावीची सगळी प्रकरणे लागत नाहीत, ठरावीकच लागतात आणि त्यांची यादी सीईटी कक्ष प्रसिद्ध करतो. नीट आणि जेईईत अकरावी आणि बारावी दोन्ही वर्षे पूर्ण लागतात, त्यामुळे तिथे चालणार नाही.

४. सराव चाचण्या केव्हापासून सुरू कराव्यात?

पूर्ण अभ्यासक्रमाचा पेपर अर्धा अभ्यास झाला नसताना द्यायला बसवणे आम्हाला योग्य वाटत नाही. दोनशेपैकी चाळीस गुण पाहून विद्यार्थी खचतो, आणि जी प्रकरणे शिकवलीच नाहीत त्यांवर चुकलेल्या उत्तरांतून कळण्यासारखेही काही नसते. दिवाळीपर्यंत झालेल्या प्रकरणांवरच छोट्या चाचण्या द्याव्यात, परंतु गती मूळ परीक्षेचीच ठेवावी: सीईटीसाठी भौतिकशास्त्राचे २५ प्रश्न असतील तर साडेबावीस मिनिटे, एक मिनिटही जास्त नाही. दिवाळीनंतर ज्या भागाची तयारी झाली आहे त्यावर आठवड्याला एक पूर्ण वेळेची चाचणी आणि बोर्डाची लेखी परीक्षा संपल्यावर आठवड्याला दोन किंवा फार तर तीन, एवढा क्रम पुरेसा आहे.

५. शहरातल्या क्लासमध्ये रोज एक पेपर घेतात म्हणे. आमची मुले मागे पडणार नाहीत का?

तीन तासांचा पेपर नीट तपासून समजून घ्यायला निदान आणखी तीन तास लागतात. जो विद्यार्थी सकाळी सातच्या एसटीने तालुक्याला जातो आणि संध्याकाळी घरी पोहोचतो, त्याच्याकडे रोज असे सहा तास नसतात. रोज पेपर द्यायचा म्हटले की तपासणीच सुटते आणि त्याच चुका दुसऱ्या दिवशीच्या पेपरात पुन्हा होतात. शहरातल्या क्लासमध्येही पेपरांची संख्या मोजणारे पुष्कळ आणि चुका मोजणारे थोडे असतात. नीट तपासलेला एक पेपर, गुण पाहून बाजूला टाकलेल्या पाच पेपरांपेक्षा अधिक उपयोगी पडतो. तो कसा तपासावा, हे पुढच्या प्रश्नात सांगितले आहे.

६. पेपर झाला, उत्तरसूची पाहून गुण मोजले. आता पुढे काय करायचे?

खरे काम इथून सुरू होते, म्हणून या उत्तराला जरा जास्त जागा दिली आहे.

प्रत्येक चुकलेल्या आणि सोडलेल्या प्रश्नापुढे त्याचे कारण लिहावे. कारणे साधारणपणे चारच असतात: विषयच येत नव्हता, येत होता पण प्रश्न नीट वाचला नाही, आकडेमोड चुकली, किंवा वेळ उरला नाही. कारण लिहिताना विद्यार्थी बहुधा स्वतःला सवलत देतो आणि निम्म्या चुकांपुढे ‘घाईत चुकले’ असे लिहून मोकळा होतो. घाईत म्हणजे नेमके काय झाले, हे शोधल्याशिवाय पुढे जाऊ नये.

एक उदाहरण घेऊ. प्रश्न असा आहे: ‘एक तार ताणून तिची लांबी दुप्पट केली, तर तिचा रोध किती पट होईल?’ विद्यार्थ्याने ‘दोन पट’ हा पर्याय निवडला. रोध लांबीच्या सम प्रमाणात आणि काटछेदाच्या क्षेत्रफळाच्या व्यस्त प्रमाणात असतो, हे सूत्र त्याला पाठ होते, आणि विचारल्यावर त्याने ते बरोबर सांगितलेही. परंतु तार ताणली की तिचे घनफळ तेवढेच राहते, म्हणून लांबी दुप्पट होताना क्षेत्रफळ निम्मे होते आणि रोध चार पट होतो. म्हणजे ही चूक सूत्राची नव्हती आणि आकडेमोडीचीही नव्हती, ‘ताणून’ या एका शब्दावरून नजर पुढे गेली होती. अशा विद्यार्थ्याला ‘विद्युतधारा हे प्रकरण पुन्हा वाच’ असे सांगण्यात अर्थ नाही. त्याने वहीत एवढेच लिहावे: ‘तार ताणली, तर घनफळ कायम, क्षेत्रफळ बदलते.’ पूर्ण प्रश्न उतरवून काढत बसू नये, त्यात वेळ जातो आणि ती वही पुन्हा कोणी उघडत नाही.

वेळेच्या चुका उत्तरसूचीत दिसत नाहीत, त्या पेपर चालू असतानाच टिपाव्या लागतात. दर २५ प्रश्नांनंतर समासात घड्याळातली वेळ लिहिण्याची सवय लावावी. सीईटीच्या पहिल्या भागात एका गुणाच्या एका गणितावर चार मिनिटे गेली, तर तेवढ्याच वेळात सुटू शकणारे आणखी तीन प्रश्न हातचे जातात. ते बहुधा शेवटच्या पानावरचे, वाचलेही न गेलेले सोपे प्रश्न असतात.

बरोबर आलेल्या उत्तरांपैकी जी अंदाजाने आली तीही तपासावीत. त्यासाठी पेपर सोडवतानाच अशा प्रश्नापुढे प्रश्नचिन्ह करून ठेवावे. त्यानंतर आठवड्याने सगळे चुकलेले प्रश्न उत्तर न पाहता पुन्हा सोडवावेत. चार-पाच पेपर झाले की कारणांची बेरीज करावी. निम्म्याहून अधिक चुका वाचनाच्या निघाल्या, तर आणखी एक गाईड विकत घेऊन उपयोग होणार नाही, हे पालकांनीही लक्षात घ्यावे.

७. दहावी मराठी माध्यमातून झाली. प्रवेश परीक्षा मराठीत देता येते का, आणि सराव कोणत्या भाषेत करावा?

सीईटीत भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र आणि जीवशास्त्र मराठीतून देता येते, गणिताचा पेपर मात्र इंग्रजीतच असतो. नीट आणि जेईई मेन या दोन्ही परीक्षांच्या तेरा भाषांत मराठी आहे. तरीही अडचण वेगळीच आहे. ग्रामीण भागातही कनिष्ठ महाविद्यालयात विज्ञान इंग्रजीतून शिकवले जाते, पुस्तके इंग्रजीत असतात, आणि दोन वर्षे ‘व्हेलॉसिटी’ आणि ‘ॲक्सेलरेशन’ म्हणून शिकलेल्या विद्यार्थ्यापुढे परीक्षेत ‘वेग’ आणि ‘त्वरण’ हे शब्द आले तर तो अडखळतो. त्यामुळे अर्जात मराठी निवडण्याआधी निदान दोन पूर्ण पेपर मराठीत सोडवून पाहावेत आणि ज्या भाषेत वाचनाच्या चुका (प्रश्न ६) कमी होतात तीच भाषा ठेवावी. नीटमध्ये भाषांतराबाबत शंका निर्माण झाल्यास इंग्रजी मजकूर अंतिम मानला जातो. मराठी पुस्तिका निवडणाऱ्याला शेजारीच इंग्रजी मजकूरही मिळतो, म्हणून तो वाचण्याची तयारी ठेवावीच लागते.

सीमेवरच्या तालुक्यांसाठी एक अपवाद सांगणे आवश्यक आहे. नीटची मराठी प्रश्नपुस्तिका महाराष्ट्रातील केंद्रांवरच मिळते. गोंदियाकडच्या विद्यार्थ्याने मध्य प्रदेश किंवा छत्तीसगडमधले, अथवा सिरोंच्याकडच्या विद्यार्थ्याने तेलंगणातले केंद्र जवळ म्हणून निवडले, तर मराठीचा पर्याय त्याला मिळणार नाही.

८. गावात नेटवर्क नाही, घरी संगणक नाही. संगणकावरच्या परीक्षेचा सराव कागदावर केला तर चालतो का?

बहुतांश चालतो. विषयाची तयारी, गती आणि चुकांची तपासणी यांसाठी छापील पेपर पडद्यापेक्षा गैरसोयीचा नाही, उलट त्यावर खुणा करता येतात. दोन गोष्टींचा सराव मात्र पडद्यावरच होतो. पहिली म्हणजे पडद्यावरचा प्रश्न वाचून आकृती आणि आकडे कच्च्या कागदावर उतरवणे, कारण आकृतीवर थेट खुणा करण्याची सवय इथे उपयोगाची नाही. दुसरी म्हणजे माऊस, प्रश्नक्रमांकांचा रंगीत तक्ता आणि ‘नंतर पाहू’ची खूण वापरणे. जेईईत उत्तर निवडून, जतन करून ‘नंतर पाहू’ अशी खूण केली तरी ते उत्तर धरले जाते, परंतु नुसतीच खूण केली आणि उत्तर निवडले नाही तर काहीच धरले जात नाही.

यासाठी परीक्षेपूर्वी चार-पाच पेपर प्रत्यक्ष संगणकावर दिले तरी पुरे. कॉलेजची संगणक प्रयोगशाळा सुट्टीच्या दिवशी दोन तास उघडून देण्याची विनंती पालकांनी मिळून प्राचार्यांकडे करावी, ती बहुधा मान्य होते. पेपरच्या पीडीएफ तालुक्याला गेल्यावर, नेटवर्क असेल तिथे उतरवून घ्याव्यात. लाईन केव्हा जाईल याचा भरवसा नसेल तर चाचणी दिवसाच्या उजेडात ठेवावी.

९. नीटच्या ओएमआरचा वेगळा सराव लागतो का?

लागतो. गोल बॉलपेनने भरायचा असतो आणि एकदा भरला की खोडता येत नाही. कोऱ्या ओएमआरच्या झेरॉक्स काढून प्रत्येक सराव चाचणीत ती भरावी. उत्तरे प्रश्नपुस्तिकेवर खुणा करून ठेवायची आणि शेवटच्या पंधरा मिनिटांत १८० गोल भरायचे, ही पद्धत सोडावी. एक प्रश्न सोडला आणि पुढचे गोल एका ओळीने सरकले, तर ते लक्षात येईपर्यंत बरीच पाने झालेली असतात. पुस्तिकेचे एक पान सोडवून झाले की त्या पानाचे गोल भरावेत आणि भरताना प्रश्नक्रमांक मनात म्हणावा.

१०. उत्तर येत नसेल तर अंदाजाने लिहावे की सोडावे?

सीईटीत एकही प्रश्न कोरा सोडू नये, कारण तिथे गुण कापले जात नाहीत. दोन्ही भागांत शेवटची दोन मिनिटे यासाठीच राखून ठेवावीत.

नीट आणि जेईईत हिशेब करावा लागतो. चारही पर्याय सारखेच अनोळखी असतील तर एका अंदाजामागे सरासरी पाव गुण पदरात पडतो. हे ऐकून पुष्कळांना नवल वाटते, कारण उणे गुणांमुळे नेहमीच तोटा होतो अशी समजूत आहे. परंतु ही सरासरी आहे: वीस अंदाजांत पाच बरोबर आले तर पाच गुण वाढतात, आणि दोनच बरोबर आले तर आठ मिळून अठरा जातात, म्हणजे दहा गुणांचे नुकसान होते. एक पर्याय खात्रीने चूक आहे असे कळले तर सरासरी लाभ दोन तृतीयांश गुण होतो, दोन पर्याय बाद करता आले तर दीड गुण. म्हणून निदान एक पर्याय खात्रीने बाद करता आला तरच उत्तर द्यावे, असे आमचे मत आहे. जेईईच्या संख्यात्मक प्रश्नांत पर्यायच नसतात, तिथे नुसता अंदाज करू नये.

सराव चाचणीत अंदाजाच्या उत्तरांचे गुण वेगळे मोजावेत (खूण कशी करावी ते प्रश्न ६ मध्ये आहे). अंदाजाचे गुण मिसळलेली बेरीज पाहून तयारी किती झाली आहे ते कळत नाही.

११. सराव पेपरात १२० गुण पडले. म्हणजे किती पर्सेंटाईल?

नेमके सांगता येत नाही, आणि जे खात्रीने सांगतात त्यांच्याकडे सावधपणे पाहावे. पर्सेंटाईल म्हणजे टक्केवारी नव्हे. एका सत्रात बसलेल्या विद्यार्थ्यांपैकी शेकडा किती जणांना तुमच्याइतके किंवा तुमच्यापेक्षा कमी गुण आहेत, तो आकडा म्हणजे पर्सेंटाईल. समजा एका सत्रात २०,००० विद्यार्थी बसले आणि त्यांपैकी १८,००० जणांना तुमच्याइतके किंवा कमी गुण पडले, तर तुमचे पर्सेंटाईल ९० होते. सीईटी आणि जेईई अनेक सत्रांत होतात, सत्रागणिक पेपरची काठिण्यपातळी वेगळी असते, म्हणून त्याच १२० गुणांना कठीण सत्रात जास्त आणि सोप्या सत्रात कमी पर्सेंटाईल मिळते. एखाद्या क्लासच्या सराव चाचणीतले पर्सेंटाईल फक्त ती चाचणी देणाऱ्यांपुरते असते. नीट एकाच सत्रात होते, म्हणून तिथे गुणांवर थेट लक्ष ठेवता येते.

१२. सोयाबीनची सोंगणी आणि कापसाची वेचणी सुरू झाली की मुलांना वावरात यावेच लागते. सलग तीन तास कुठून आणायचे?

हा प्रश्न ऑक्टोबरपासून दर वर्षी येतो, आणि ‘मुलांना कामाला लावू नका’ हे त्याचे उत्तर होऊ शकत नाही. मजूर मिळत नसतो आणि बोंडे फुटलेली असतात. सीईटीच्या पेपरचे मुळातच ९० मिनिटांचे दोन भाग आहेत, त्यामुळे एक भाग सकाळी वावरात जाण्याआधी आणि दुसरा दुसऱ्या दिवशी सकाळी, असा दिला तरी सरावाचे फारसे नुकसान होत नाही. नीटच्या पेपरचे असे तुकडे केल्यास थकव्याचा अंदाज येत नाही, म्हणून पंधरा दिवसांतून एकदा तरी तो सलग द्यावा. दिवसभर वेचणी करून रात्री दहाला चाचणीला बसवण्यापेक्षा त्या रात्री झोपू द्यावे. घरच्यांनी एवढे करावे की आठवड्यातली एक वेळ आधीच ठरवावी आणि त्या वेळेत विद्यार्थ्याला गुरांच्या चाऱ्यापासून पाहुण्यांच्या चहापर्यंत कशासाठीही उठवू नये. मुलींच्या बाबतीत ही सूचना विशेष करून आहे.

१३. जुन्या प्रश्नपत्रिका कुठून घ्याव्यात, आणि किती जुन्या चालतील?

नीट आणि जेईईच्या जुन्या प्रश्नपत्रिका एनटीएच्या (या परीक्षा घेणाऱ्या राष्ट्रीय चाचणी संस्थेच्या) संकेतस्थळावर मोफत मिळतात. सीईटीसाठी पुस्तकांच्या दुकानात वर्षवार संच असतात. राज्य मंडळाचा बारावीचा अभ्यासक्रम २०२०-२१ मध्ये बदलला, त्यामुळे सीईटीचे त्यानंतरचे पेपर आधी सोडवावेत. नीटच्या २०२१ ते २०२४ च्या पेपरांत २०० प्रश्नांपैकी १८० सोडवायचे असत, आणि प्रत्येक विषयाच्या ‘ब’ विभागात निवडीची मुभा होती. ती आता नाही, म्हणून ते पेपर सोडवताना ‘ब’ विभागाचे पहिले दहा प्रश्न सक्तीचे धरावेत. जेईई मेनच्या त्याच काळातील संख्यात्मक प्रश्नांतही निवड होती, तिथेही पहिले पाच सक्तीचे धरावेत.

१४. आमच्या शिक्षकांचे उत्तर आणि छापील उत्तरसूची जुळत नाही. कोणाचे खरे मानायचे?

बाजारातल्या उत्तरसूचीत चुका असतात, म्हणून आधी पाठ्यपुस्तक पाहावे: सीईटीसाठी बालभारतीचे, नीट आणि जेईईसाठी एनसीईआरटीचे, आणि तेही चालू आवृत्तीचे. आवृत्तीने किती फरक पडतो, हे २०२४ च्या नीटमध्ये दिसले. अणूवरील एका प्रश्नाला एनटीएने दोन उत्तरे ग्राह्य धरली होती, कारण दुसरे उत्तर एनसीईआरटीच्या जुन्या पुस्तकाशी जुळत होते. सर्वोच्च न्यायालयाने दिल्ली आयआयटीचे मत मागवून एकच उत्तर मान्य केले आणि निकाल सुधारावा लागला. थोरल्या भावाची जुनी पुस्तके वापरणाऱ्या घरांनी ही बाब ध्यानात ठेवावी. अधिकृत परीक्षेतही चूक होते. २७ एप्रिल २०२५ च्या सीईटीच्या एका सत्रात गणिताच्या २१ प्रश्नांचे पर्याय चुकले आणि त्या विद्यार्थ्यांची ५ मे रोजी फेरपरीक्षा घ्यावी लागली. पुस्तक पाहूनही शंका राहिली तर तो प्रश्न मोजणीतून वगळावा आणि पुढे जावे.

१५. चार पेपर झाले तरी गुण तेवढेच आहेत. काय करावे?

दोन आठवडे पूर्ण पेपर बंद ठेवावेत आणि चुकांच्या वहीत (प्रश्न ६) ज्या तीन-चार प्रकरणांची नावे सतत येतात, तेवढीच पुस्तकातून करावीत. मग पेपर द्यावा. गुण तेवढेच राहिले पण चुकांची कारणे बदलली असतील, तर तयारी पुढे सरकली आहे असे समजावे.

१६. बोर्डाच्या परीक्षेच्या काळात सराव बंद ठेवावा का?

लेखी परीक्षा चालू असताना बंद ठेवावा. बोर्डाचे गुण दुर्लक्षून चालत नाही: अभियांत्रिकीसाठी बारावीत संबंधित विषयांत खुल्या प्रवर्गाला ४५ टक्के आणि राखीव प्रवर्गाला ४० टक्के, तर एमबीबीएससाठी भौतिक, रसायन आणि जीवशास्त्रात अनुक्रमे ५० आणि ४० टक्के गुण लागतात. सीईटीत ९५ पर्सेंटाईल मिळवूनही बारावीत अडकलेले विद्यार्थी असतात. जेईई देणाऱ्यांची गोष्ट वेगळी आहे. तिचे पहिले सत्र जानेवारीत, नेमके बोर्डाच्या प्रात्यक्षिकांच्या सुमारास येते, त्यामुळे त्यांनी डिसेंबरमध्येच सरावाचा भर वाढवावा. दोन सत्रांपैकी जास्तीचा गुणांक धरला जात असल्याने पहिल्या सत्राचा ताण मात्र फार घेऊ नये.

१७. नीट आणि सीईटी दोन्ही द्यायच्या आहेत. किंवा सीईटीचे दोन्ही गट द्यायचे आहेत. सराव कसा वाटून घ्यावा?

नीट आणि सीईटीचा पीसीबी गट एकत्र करणे सोपे आहे, कारण विषय तेच आहेत. मुख्य सराव नीटचा ठेवावा आणि सीईटीच्या आधीच्या दहा-बारा दिवसांत सीईटीच्याच गतीने, बालभारतीच्या पुस्तकांवर आधारित पेपर द्यावेत. नीटच्या सवयीने सीईटीतही प्रश्न सोडून देणारे विद्यार्थी पुष्कळ आढळतात. त्यांनी प्रश्न १० चा पहिला परिच्छेद पुन्हा वाचावा.

पीसीएम आणि पीसीबी हे गट स्वतंत्र दिवशी होतात, त्यांचे पर्सेंटाईलही स्वतंत्र असते आणि दोन्ही देता येतात. गणित आणि जीवशास्त्र दोन्ही घेतलेल्यांपैकी ज्यांचे अजून ठरलेले नाही त्यांना हा मार्ग बरा वाटतो. तरी जानेवारीपर्यंत एका गटाला प्राधान्य द्यावे.

१८. आम्ही खेड्यातल्या कनिष्ठ महाविद्यालयात शिक्षक आहोत. स्वतः सराव चाचण्या घ्यायच्या तर काय लागेल?

भिंतीवरचे घड्याळ, झेरॉक्सचा खर्च आणि तीन तास वर्गातून न हलणारा एक शिक्षक, एवढे लागते. मोबाईल बाहेर जमा करून घ्यावेत, वेळ संपताच पेपर काढून घ्यावा आणि ‘दोनच मिनिटे द्या सर’ला दाद देऊ नये. तपासणी विद्यार्थ्यांनीच करावी. दुसऱ्या दिवशी एक तास फक्त त्या प्रश्नांना द्यावा जे वर्गातल्या निम्म्याहून अधिक मुलांचे चुकले, बाकीचे प्रश्न मुले आपसांत सोडवतात. गुणानुक्रमाची यादी फलकावर लावू नये, असे आम्ही आग्रहाने सांगतो: तळातल्या मुली पुढच्या चाचणीला येत नाहीत, आणि ज्यांच्यासाठी चाचणी घ्यायची त्याच गळतात. चाचणीची वेळ परतीच्या एसटीच्या वेळेशी जुळवून ठरवावी. मानव विकास कार्यक्रमाच्या मोफत बसने येणाऱ्या मुलींना थांबवून ठेवून चाचणी घेणे योग्य नाही.

१९. क्लासची फी परवडत नाही. मोफत काय मिळते?

नागपूरला मुख्यालय असलेली महाज्योती ही संस्था इतर मागासवर्ग, विमुक्त जाती, भटक्या जमाती आणि विशेष मागास प्रवर्गातील विद्यार्थ्यांना सीईटी, नीट आणि जेईईचे ऑनलाईन प्रशिक्षण, टॅब आणि इंटरनेट डेटा देते. अर्ज साधारणपणे दहावीनंतरच, अकरावीच्या प्रवेशाच्या सुमारास करावा लागतो, म्हणून बारावीत चौकशी केली तर उशीर झालेला असतो. केंद्रीय शिक्षण मंत्रालय आणि कानपूर आयआयटी यांचे ‘साथी’ हे व्यासपीठ सर्वांना मोफत आहे. बालभारतीची आणि एनसीईआरटीची पुस्तके पीडीएफ स्वरूपात मोफत मिळतात.

२०. परीक्षा एप्रिल-मे महिन्यांत, भर उन्हात असते. त्याची काही तयारी असते का?

असते, आणि ती सरावातच करावी. नीट दुपारी दोन ते पाच या वेळेत होते आणि केंद्रावर दीडनंतर प्रवेश मिळत नाही. विदर्भात मे महिन्यात पारा ४५ अंशांपर्यंत जातो. शेवटचे तीन-चार पेपर दुपारी दोनलाच, जेवण हलके ठेवून आणि कूलरशिवाय द्यावेत. धारणी किंवा सिरोंच्यासारख्या लांबच्या तालुक्यांतील विद्यार्थ्यांनी आदल्या दिवशीच केंद्राच्या गावी मुक्कामाला जावे. सकाळच्या एसटीवर विसंबू नये.

२१. मुलाला हाताच्या अपंगत्वामुळे भरभर लिहिता येत नाही. त्याच्या सराव चाचणीला वेळ किती धरावा?

लेखनात अडचण असलेल्या पात्र दिव्यांग उमेदवारांना दर तासामागे २० मिनिटे, म्हणजे तीन तासांच्या परीक्षेला एक तास जास्त मिळतो. सराव चाचणीही चार तासांचीच ठेवावी. लेखनिक घेणार असाल तर सराव त्याच्यासोबतच करावा. गणिताची पायरी तोंडी सांगून लिहवून घेणे हे वेगळे कौशल्य आहे आणि ते चार-पाच पेपर एकत्र दिल्याशिवाय जमत नाही. शासकीय रुग्णालयाचे विहित नमुन्यातील प्रमाणपत्र लागते. जिल्हा शल्य चिकित्सकांच्या कार्यालयात त्यासाठी एकापेक्षा अधिक फेऱ्या होऊ शकतात, म्हणून अर्ज निघण्याची वाट न पाहता ते दिवाळीपूर्वीच काढून ठेवावे. लेखनिकाच्या शिक्षणाबाबतची अट परीक्षेगणिक वेगळी असते, ती माहिती पुस्तिकेत पाहूनच लेखनिक निवडावा.